वॉशिंग मशीनला फेस कळतो, पण ते आपल्याला सांगत नाही

समोरून दार असलेले, ७ किलो क्षमतेचे, पूर्ण स्वयंचलित वॉशिंग मशीन आमच्या घरी सव्वादोन वर्षांपासून आहे आणि आठवड्यातून पाच-सहा वेळा ते चालते. कपडे स्वच्छ निघतात, आवाज कमी आहे, वीज आणि पाणी दोन्ही बेताने लागतात; या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही. हे परीक्षण मी एकाच गोष्टीपुरते ठेवले आहे. साबणाचा फेस प्रमाणाबाहेर झाला की हे यंत्र काय करते, ते पाणी बाहेर नीट टाकू शकते का, आणि ड्रेन तुंबून पाणी घरात शिरले त्या दिवशी यंत्र, त्याची माहितीपुस्तिका, कंपनीची सेवा आणि आम्ही वापरत असलेला साबण यांपैकी नेमके कोण उपयोगी पडले, एवढेच मला सांगायचे आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण यंत्राची ही रचना आणि तिच्यातले हे गुणदोष समोरून दार असलेल्या बहुतेक यंत्रांत थोड्याफार फरकाने आढळतात.

त्या दिवशी दोन पलंगांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि चार टॉवेल एकत्र लावले होते. शेवटच्या पिळण्याची वेळ आली तेव्हा पडद्यावर ९ मिनिटे उरल्याचे दिसले आणि तो आकडा तिथेच थांबला. दहा मिनिटांनी पाहिले तरी ९, अर्ध्या तासाने पाहिले तरी ९. ड्रम वेग घेऊ लागे, पाच-सात सेकंदांत त्याचा आवाज जड होई आणि तो पुन्हा मंदावे. दाराच्या काचेतून कपडे दिसत नव्हते, कारण काच वरपर्यंत पांढरी झाली होती, आणि साबणाच्या खणाच्या फटीतून फेस खाली ओघळू लागला होता. मी हे पाहत असतानाच पाठीमागच्या फरशीतल्या जाळीतून आधी फेस वर आला, मग राखाडी पाणी आले, आणि पाच मिनिटांच्या आत ते उंबरा ओलांडून आतल्या खोलीत पसरले. विजेचे बटण यंत्रापासून दूर, कोरड्या जागी होते, म्हणून मी आधी वीज बंद केली आणि नंतर पाण्याचा नळ. हा क्रम सर्वांनी ध्यानात ठेवावा. बटणापर्यंत जाण्यासाठी पाण्यातून चालावे लागत असेल, तर त्या बटणाला हात न लावता घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि मगच फरशीवर पाय ठेवावा. दार उघडण्याची घाई तर मुळीच करू नये, कारण आत किती पाणी आहे हे फेसामुळे दिसत नाही आणि कपडे गरम पाण्यात लावले असतील तर ते पाणी अंगावर येऊ शकते.

पंप जळाला, अशीच घरातल्या सगळ्यांची समजूत झाली होती. प्रत्यक्षात पंप ठणठणीत होता. दोष दोन होते आणि ते एकमेकांपासून अगदी वेगळे होते: एक साबणाचा आणि दुसरा ड्रेनच्या जोडणीचा. यांतला एकच असता तर कदाचित आम्हाला कधी कळलाही नसता.

यंत्र त्या चाळीस मिनिटांत काय करत होते, हे मला नंतर समजले, आणि ते समजल्यावर यंत्राविषयीचे माझे मत बरेच बदलले. कपडे ज्या छिद्रांच्या ड्रममध्ये फिरतात त्याच्या बाहेर एक बंद टब असतो. टबच्या तळाशी जोडलेल्या छोट्या कप्प्यात हवा अडकते. टबमध्ये पाणी चढले की त्या हवेवर दाब येतो आणि एका बारीक नळीतून तो दाब वरच्या सेन्सरपर्यंत पोहोचतो. पाणी किती आहे, हे यंत्राला या दाबावरूनच कळते. फेस मात्र त्याला थेट दिसत नाही. पंप चालू असूनही दाब अपेक्षेप्रमाणे उतरत नाही, आणि पिळताना ड्रम व टब यांच्यातल्या अरुंद जागेत भरलेला फेस ड्रमला मागे ओढत असल्यामुळे मोटरवर नेहमीपेक्षा जास्त भार येतो, या खुणांवरून यंत्र फेसाचा अंदाज बांधते. पंपाची अडचण याहून साधी आहे. तो पात्यांनी पाणी बाहेर फेकणारा पंप आहे. फेसाचा बहुतांश भाग हवाच असल्यामुळे पाती फिरत राहतात, आवाज येत राहतो, पण पाणी पुढे सरकत नाही. अशा वेळी जोराने पिळले तर मोटर तापेल, म्हणून यंत्र वेग कमी करते, थोडे थंड पाणी घेते, फेस बसण्याची वाट पाहते आणि पुन्हा प्रयत्न करते. आमच्या यंत्राने हे निदान तीन वेळा केले असावे. ते बिघडले नव्हते, उलट स्वतःला जपत होते.

हे काम ते चांगले करते, याचे मी मनापासून कौतुक करतो. माझी तक्रार पुढे सुरू होते. या सगळ्या काळात पडद्यावर ९ या आकड्याखेरीज काहीही नव्हते. फेस झाला आहे, साबण कमी टाका, थांबा, अशी कोणतीही सूचना नव्हती. काही कंपन्यांच्या यंत्रांत अशा वेळी फेसासाठी वेगळा कोड झळकतो, आमच्या यंत्रात तसा कोड नाही, आणि माहितीपुस्तिकेत या प्रकाराविषयी जे आहे ते शेवटून तिसऱ्या पानावरच्या तक्त्यातले एक वाक्य आहे: "फेस जास्त असल्यास धुण्याचा कालावधी वाढू शकतो." यंत्राला जे कळले ते त्याने वापरणाऱ्याला सांगितले असते, तर मी त्याच दिवशी नव्हे, दोन महिने आधी सावध झालो असतो. कारण आठवून पाहिले तेव्हा ध्यानात आले की त्याआधीच्या कित्येक धुण्यांना पंधरा-वीस मिनिटे जास्त लागत होती आणि आम्ही तो वीजपुरवठ्याचा दोष समजत होतो.

आता साबणाकडे येतो, कारण मूळ तिथे आहे. फेस जितका जास्त तितके कपडे स्वच्छ, ही समजूत हाताने कपडे धुण्याच्या सवयीतून आली आहे आणि ती चुकीची आहे. मळ सुटतो तो डिटर्जंटमधल्या पृष्ठसक्रिय रेणूंमुळे. त्यांचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलकट मळाकडे ओढ घेते. याच रेणूंचा पापुद्रा हवेभोवती तयार होतो तेव्हा आपल्याला फेस दिसतो, पण त्या फेसाने मळ निघत नाही. समोरच्या दाराच्या यंत्रात फेस उलट अपायच करतो. तिथे कपडे ड्रमसोबत वर जातात आणि खालच्या थोड्याशा पाण्यात आपटतात. त्या आपटण्याने, पिळवटण्याने मळ सुटतो. फेसाची गादी मध्ये आली की कपडे तिच्यावर अलगद पडतात आणि आपटण्याचा जोरच नाहीसा होतो. शिवाय वरून दार असलेल्या यंत्राच्या तुलनेत इथे पाणी निम्म्याहून कमी घेतले जाते. तेवढाच साबण टाकला तर पाण्यातले त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते, आणि कपड्यांच्या प्रत्येक आपटण्यासरशी त्यात हवा मिसळत जाते.

आमच्या घरी आणखी एक कारण घडले होते आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते सहज सुटून जाते. या प्रसंगाच्या सुमारे दोन महिने आधी आम्ही पाणी मृदू करणारे उपकरण बसवले होते. कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जोडले जातात, त्याचा काही भाग निकामी करतात आणि फेस दबून राहतो. पाणी मृदू झाले की तेवढाच साबण पूर्ण जोमाने काम करतो आणि फेसही भरपूर होतो. नळाचे पाणी बदलले, पण साबणाचे माप आम्ही बदलले नाही. उपकरण बसवणाऱ्याने ते सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. घर बदलल्यावर, पाण्याचा स्रोत बदलल्यावर किंवा असे उपकरण लावल्यावर साबणाचे माप नव्याने ठरवावे लागते, ही गोष्ट डिटर्जंटच्या पुड्यावर ठळक अक्षरांत असायला हवी.

आम्ही वापरत होतो ती पावडर हाताने धुण्यासाठी बनवलेली होती. तिच्यात फेस मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, कारण बादलीत हात घालणाऱ्याला फेस हवा असतो. यंत्रासाठीच्या डिटर्जंटमध्ये कमी फेसाळणारे घटक निवडलेले असतात आणि बहुधा सिलिकॉनच्या वर्गातला फेस मोडणारा पदार्थ अगदी अल्प प्रमाणात मिसळलेला असतो. तो फेसाच्या पापुद्र्यावर पसरून त्याला फोडतो. प्रसंगानंतर आम्ही समोरच्या दाराच्या यंत्रासाठी असलेले द्रव डिटर्जंट आणले. त्याचा गुण पहिल्याच धुण्यात दिसला: काचेवर फेस जेमतेम तळच्या चौथ्या भागापर्यंत आला आणि शेवटच्या विसळण्यात पाणी स्वच्छ दिसले. डाग पूर्वीइतकेच निघतात, शर्टांच्या कॉलरी पूर्वीपेक्षा बऱ्या निघतात.

मात्र या डिटर्जंटच्या बाटलीवर मी नाराज आहे. मोजण्यासाठी दिलेल्या झाकणात काठोकाठ ९० मिली मावते, हे मी औषधाच्या मापाने मोजून पाहिले. मध्यम मळलेल्या पूर्ण भरलेल्या धुण्यासाठी बाटलीवरच सांगितलेले माप ३५ मिली आहे. त्या मापाची रेघ झाकणाच्या आतल्या बाजूला, झाकणाच्याच रंगात, उठावाने काढलेली आहे आणि निळ्या द्रवात ती बुडाली की दिसत नाही. झाकण हेच माप समजून ते भरून ओतणारा माणूस अडीच पट साबण टाकतो. कमी फेसाचे डिटर्जंट म्हणजे फेस न करणारे डिटर्जंट नव्हे. अडीच पट टाकले तर तेही फेसाळते, हे मी दुसऱ्याच आठवड्यात घरातल्या एका मोठ्या धुण्यावर पाहिले. आता आम्ही झाकणाच्या बाहेरून ३० मिलीला नखरंगाने रेघ ओढली आहे. आमच्या मृदू पाण्याला तेवढे पुरते, अर्धे भरलेले धुणे असेल तर २० मिलीही पुरते. गोळीच्या रूपात मिळणारे तयार डिटर्जंटही वापरून पाहिले. ते मापाची चूक टाळते, पण लहान धुण्यासाठी अर्धी गोळी टाकता येत नाही, म्हणून ते आमच्या कामाचे ठरले नाही. पूर्ण भरलेले धुणेच लावणाऱ्यांना ते सोयीचे पडेल.

कंपनीच्या सेवेबद्दल दोन वेगवेगळी मते नोंदवावी लागतात. दूरध्वनीवर मिळालेली मदत निरुपयोगी होती. यंत्र दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करा, एवढेच सांगितले गेले. साबण कोणता, किती, पाणी कुठून वर आले, यांतले काहीही विचारले नाही. फरशी भरलेली असताना यंत्र पुन्हा सुरू करायला सांगणे हे मला धोक्याचे वाटले आणि मी ते केले नाही.

दुसऱ्या दिवशी आलेल्या तंत्रज्ञाने मात्र फार उत्तम काम केले. त्याने यंत्राला हात लावण्याआधी साबणाचा डबा मागितला आणि तो वाचला. मग खालच्या कोपऱ्यातले झाकण उघडले, आतली आणीबाणीची बारीक नळी बाहेर काढून टबमधले पाणी थोडे थोडे करून ताटलीत घेतले, आणि त्यानंतरच फिल्टर सावकाश उलटा फिरवून काढला. नळीने पाणी काढल्याशिवाय फिल्टर फिरवला तर सगळे पाणी एकदम बाहेर येते, हे त्याने करता करता सांगितले. फिल्टरमध्ये एक केसाची पिन, एक बटण आणि कपड्यांच्या लवेचा साबणाने घट्ट झालेला गोळा निघाला. पंपाची पाती बोटाने फिरवून त्याने ती मोकळी असल्याची खात्री करून घेतली. नंतर त्याने ड्रम पूर्ण रिकामा ठेवून, साबण न टाकता, नुसते विसळण्याचे चक्र लावले आणि मला काचेकडे पाहायला सांगितले. साबणाचा कण नसताना दोन मिनिटांत काचेवर फेस आला. टबच्या भिंतींवर, दाराच्या रबराच्या घड्यांत आणि पाइपांत महिनोन्महिने साचलेला साबण होता तो. फेस पूर्ण जाण्यासाठी रिकामे चक्र चार वेळा चालवावे लागले. त्यानंतर त्याने आमचे धुतलेले, वाळवून घडी घातलेले टॉवेल तसेच साबणाशिवाय लावायला सांगितले, आणि त्यांतूनही फेस निघाला. आम्ही स्वच्छ म्हणून अंग पुसत होतो ते टॉवेल साबणाने भरलेले होते. ते ताठ का होत होते आणि पाणी नीट का शोषत नव्हते, याचे उत्तर तिथे मिळाले. घरातल्या लहान मुलाच्या मानेवर महिनाभर खाज येत होती, तीही टॉवेल पुन्हा पुन्हा विसळून काढल्यावर कमी झाली. त्या खाजेचे कारण साबणच होते असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण ती कमी झाली हे खरे आहे.

फेस झालाच तर घरच्या घरी काय करावे, याचेही उत्तर त्याच्याकडून आणि नंतरच्या अनुभवातून मिळाले. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे थांबणे. चक्र थांबवून अर्धा तास यंत्र तसेच ठेवले की फेसातले पाणी खाली झिरपते आणि तो आपोआप बसतो. मग पाणी काढून टाकण्याचे आणि त्यानंतर थंड पाण्याने विसळण्याचे चक्र लावावे, पिळण्याचे चक्र लगेच लावू नये. सॉफ्टनरच्या खणात लहान चमचाभर फॅब्रिक सॉफ्टनर टाकल्यास फेस लवकर मोडतो, कारण सॉफ्टनरचे रेणू धनभारित असतात आणि बहुतेक डिटर्जंटचे मुख्य रेणू ऋणभारित, त्यामुळे ते एकमेकांना धरून निष्प्रभ होतात. पांढरे व्हिनेगरही अनेक जण सुचवतात. एखाद्या वेळी अर्धी वाटी चालते, पण दर आठवड्याला ते वापरल्यास आम्लामुळे रबराचे भाग लवकर खराब होऊ शकतात, म्हणून मी ते सवयीत आणलेले नाही. ब्लीच वापरलेल्या धुण्यात तर व्हिनेगर कधीच घालू नये. त्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो आणि धुण्याची जागा बंदिस्त असली तर ते फार घातक ठरते.

इतके झाल्यावरही एक प्रश्न उरला होता. फेस यंत्रात होता हे कळले, पण फरशीवर पाणी का आले? तंत्रज्ञाने जाताना एक साधी परीक्षा सांगितली आणि ती मला इतकी उपयुक्त वाटली की या परीक्षणाचे निम्मे प्रयोजन तिच्यासाठीच आहे. यंत्राचा ड्रेन पाइप जाळीतून काढून मोठ्या बादलीत सोडावा, बादलीचा काठ यंत्राच्या निम्म्या उंचीच्या वर राहील अशी ती स्टुलावर ठेवावी, आणि पाणी काढण्याचे चक्र लावावे. आमची १५ लिटरची बादली एका मिनिटाच्या आत भरली. म्हणजे पंप उत्तम होता. बादली भरताच चक्र थांबवायला एक माणूस बटणापाशी हवा. मग तेवढेच, म्हणजे १५ लिटर, साधे, साबण नसलेले पाणी त्याच वेगाने जाळीत ओतायचे. साधे पाणी सरळ खाली गेले तर दोष फेसाचा. तेही वर चढले तर ड्रेनमध्ये अडथळा आहे. आमचे पाणी सात-आठ लिटर ओतल्यावर जाळीच्या वर उभे राहिले आणि गुडगुडत सावकाश उतरले.

प्लंबरने नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी अडून राहणारा भाग, उघडला तेव्हा आतून केस, लव आणि साबणाच्या चिकट पांढऱ्या गाळाची तळहाताएवढी चटई निघाली. त्यातला गाळ बहुतेक आधीच्या कठीण पाण्याच्या काळातला असणार, कारण कॅल्शियम आणि साबण यांच्यापासून न विरघळणारा असा गाळ तयार होतो आणि तोच केसांना नि लवेला सांधून ठेवतो. पण गाळाइतकीच चूक जोडणीतही होती. यंत्र बसवणाऱ्याने ड्रेन पाइप जाळीच्या भोकातून हातभर आत ढकलून, दुर्गंधी येऊ नये म्हणून भोवती चिकटपट्टी गुंडाळून भोक बंद केले होते. दिसायला ते नीटनेटके होते. प्रत्यक्षात त्याचे तीन तोटे होते. पाइपाचे टोक ट्रॅपमधल्या पाण्यात बुडाले होते, त्यामुळे पंपाला त्या पाण्याविरुद्ध ढकलावे लागत होते. हवेला वर यायला वाट नव्हती, त्यामुळे फेसाने भरलेल्या नळातली हवा शेजारच्या जाळीतून फेसासकट बाहेर पडत होती. आणि पाइपाचे टोक टबच्या पातळीखाली, हवाबंद अवस्थेत असल्यामुळे पंप बंद झाल्यावरही पाणी आपोआप ओढले जाण्याचा धोका होता. तसे झाले तर यंत्र एकीकडे पाणी भरते आणि दुसरीकडे ते निघून जाते, मग भरणे संपतच नाही.

फेस पाण्यासारखा वाहत नाही, हे प्लंबरचे वाक्य माझ्या कायम स्मरणात राहील. पाणी नळाच्या तळाशी धरून जाते आणि वरून हवेला जागा ठेवते. फेस नळाचा सगळा घेर व्यापतो, जागीच रेंगाळतो आणि मागून येणाऱ्या पाण्याने दाबला गेला की जिथे वाट मिळेल तिथून वर येतो. अनेक मजल्यांच्या इमारतींत तर वरच्या घरांचा फेस उभ्या नळाच्या तळच्या वळणावर साचून खालच्या घरांच्या जाळ्यांतून बाहेर येतो. काही प्लंबिंग नियमावल्यांत याच कारणाने, फेसाचे सांडपाणी वाहणाऱ्या उभ्या नळाच्या तळच्या वळणापासून ८ फुटांच्या आत दुसरी जोडणी देण्यास मनाई आहे. तुमचे यंत्र बंद असताना जाळीतून फेस येत असेल, तर स्वतःचे यंत्र खोलण्यापूर्वी या शक्यतेचा विचार अवश्य करावा.

आता आमच्याकडे ५० मिलिमीटर व्यासाचा वेगळा उभा पाइप आहे, त्याचे तोंड फरशीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर आहे, आणि यंत्राचा ड्रेन पाइप त्यात १५ सेंटिमीटरपर्यंतच, भोवती मोकळी जागा ठेवून, आकडीने अडकवलेला आहे. दुर्गंधी येत नाही, कारण तिला अडवण्याचे काम खालच्या ट्रॅपमधले पाणी करते; चिकटपट्टीची मुळात गरजच नव्हती. ट्रॅप मोकळा करण्यासाठी तीव्र रसायन ओतण्याचा सल्ला आम्हाला शेजारून मिळाला होता. पाणी आधीच साचलेले असताना कॉस्टिक सोडा ओतणे आणि मग ट्रॅप उघडणे म्हणजे प्लंबरच्या हातांवर भाजणारे पाणी सोडणे होय, म्हणून तो सल्ला आम्ही मानला नाही याचे समाधान वाटते.

यंत्राच्या बाकीच्या सोयींविषयी थोडक्यात लिहितो. फिल्टर पुढच्या बाजूला आहे आणि त्याच्यासोबत पाणी काढण्याची नळी दिली आहे, हे फार चांगले. पण ती जागा फरशीला इतकी लागून आहे की ३ सेंटिमीटरहून उंच ताटली खाली सरकत नाही आणि पाणी आठ-दहा खेपांत काढावे लागते. जादा विसळण्याचे बटण आहे आणि ते खरोखर काम करते. साबणाच्या खणात सॉफ्टनरच्या कप्प्याला कमाल पातळीची रेघ आहे, साबणाच्या कप्प्याला मात्र नाही, आणि ही उणीव अक्षम्य आहे असे माझे मत आहे. याच कंपनीच्या वरच्या श्रेणीच्या यंत्रात साबण आपोआप मोजून घेण्याची सोय आहे. एका परिचितांकडे ती पाहिली. ती चांगली आहे, पण पाण्याचा कठीणपणा आणि डिटर्जंटची तीव्रता तिच्यात सुरुवातीला बरोबर भरावी लागते. ती चुकीची भरली तर तीच चूक रोज, कोणाच्या नकळत होत राहते.

या सर्व अनुभवानंतरही मी हेच यंत्र पुन्हा घेईन. पाच महिन्यांत फेसाने एकदाही चक्र अडवलेले नाही, ठरलेल्या वेळेत धुणे संपते, आणि महिन्यातून एकदा फिल्टर काढतो तेव्हा चिमूटभर लवेपलीकडे काही निघत नाही. पडद्यावर फेसाची सूचना देण्याविषयी मी कंपनीला लेखी कळवले आहे आणि पोच मिळाली आहे. नवीन यंत्र घेणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. बसवणारा माणूस नळ जोडून, एक छोटे चक्र दाखवून, सही घेऊन निघण्याच्या बेतात असतो तेव्हा त्याला थांबवावे, टब पूर्ण भरायला लावून पाणी काढण्याचे चक्र चालवायला सांगावे, आणि ते संपेपर्यंत आपण पडद्याजवळ नव्हे तर ड्रेनच्या जाळीजवळ उभे राहावे.